डॅनचे लाल खडे: सोसायटीतल्या एका उपांत्यपूर्व सामन्याचं प्रकरण

शनिवार, १४ सप्टेंबर २०२४. गणपतीचा आठवा दिवस, संध्याकाळचे सव्वासहा. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये चौथीतला एक मुलगा व्हिडिओ गेमचं पॅड खाली ठेवून रडत नव्हता. हे मुद्दाम सांगतोय, कारण रडला असता तर प्रकरण सोपं झालं असतं. खाऊ दिला असता, पाठीवर हात फिरवला असता, संपलं असतं. तो नुसता टीव्हीकडे बघत बसला आणि म्हणाला, "काका, मी तिला जास्त मारलं. मग मीच कसा हरलो?"

प्रश्न रास्त होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्पर्धा मी भरवली होती, खेळ मी निवडला होता आणि नियमांचा कागदही मीच चिकटवला होता. त्या कागदावर सात नियम होते. चपला बाहेर काढा, वडापाव खाऊन आल्यावर हात धुवा, पॅडची वायर ओढू नका, दुसऱ्याच्या डावात सूचना देऊ नका, वगैरे. पात्र कसं निवडायचं याबद्दल एक अक्षर नव्हतं.

पुढच्या वर्षी जो कोणी हे काम अंगावर घेईल (मी घेणार नाही, असं घरी सांगून ठेवलंय), त्याच्या उपयोगासाठी सगळं क्रमाने लिहून ठेवतो.

खेळ कोणता, आणि तोच का

'सुपर पझल फायटर टू टर्बो'. कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९६ मध्ये आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रासाठी काढलेला. नावातल्या 'टू'वरून ए विंगमधल्या देशपांडे छापाच्या एका काकांनी (आडनाव ते नव्हे, छाप तो) लगेच विचारलं, "पहिला भाग कुठे आहे?" पहिला भाग नाहीच. कॅपकॉमच्याच 'सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो' या मारामारीच्या खेळाच्या लांबलचक नावाची ती थट्टा आहे. काकांना ते पटलं नाही. दुसरा भाग असेल तर पहिला असलाच पाहिजे, या मतावर ते आजही ठाम आहेत.

आमच्या पिढीला पार्लरमधली मारामारी माहीत होती. डेक्कनच्या गल्लीत रुपयाचं नाणं टाकून आम्ही 'मुस्तफा' खेळायचो. त्या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' आहे हे कळायला मला नोकरी लागावी लागली. पझल फायटर मात्र मी तिथे कधी पाहिला नाही. मला तो भेटला २०२२ मध्ये. त्या वर्षी २४ जूनला 'कॅपकॉम फायटिंग कलेक्शन' नावाचा दहा जुन्या आर्केड खेळांचा संच आला, त्यात हा होता. सोसायटीतल्या एका घरी पीएस-फोर, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र होतं, संचही होता. आठ वर्षांच्या मुलापासून सदुसष्ट वर्षांच्या आजोबांपर्यंत सगळ्यांना पाच मिनिटांत समजेल, रक्त सांडणार नाही आणि तरी समोरासमोरची झुंज असेल, असा दुसरा खेळ मला सुचला नाही.

खेळ असा. प्रत्येकासमोर सहा रकान्यांचा एक उभा हौद. वरून दोन-दोन खडे जोडीने पडतात. रंग चार: लाल, हिरवा, पिवळा, निळा. नुसते खडे रचून काही होत नाही. मधूनमधून त्याच रंगांचे गोल गोळे येतात. गोळा आपल्या रंगाच्या खड्याला टेकला, की त्या खड्याला चिकटलेले त्या रंगाचे सगळे खडे फुटतात. फुटलेल्या खड्यांचा मारा समोरच्याच्या हौदात जाऊन पडतो. एकाच रंगाचे खडे दोन बाय दोन किंवा त्याहून मोठ्या चौकोनात जमले, की ते वितळून एक मोठी लादी होते. लादी फुटली की मारा कितीतरी पटीने वाढतो. दर पंचविसाव्या जोडीला एक हिरा येतो. तो ज्या रंगावर टेकेल, त्या रंगाचे हौदातले सगळे खडे नाहीसे होतात. डावीकडून चौथा रकाना वरपर्यंत भरला, की डाव संपला.

(लादी, गोळा, हौद हे शब्द आमचेच. पहिल्या दिवशी मुलांनी पाडले आणि टिकले.)

जपानमध्ये असे समोरासमोरचे कोड्यांचे खेळ आधीपासून जोरात होते. कंपाइल कंपनीचा 'पुयो पुयो' १९९१ चा. त्याची १९९४ ची दुसरी आवृत्ती 'पुयो पुयो त्सू'. तिच्यात आपल्यावर येणारा मारा आपल्या माऱ्याने वरच्या वर छाटायची सोय आली. पझल फायटरमध्येही छाटणी आहेच. कॅपकॉमने स्वतःची म्हणून घातलेली एक गोष्ट मात्र या प्रकरणाच्या मुळाशी आहे.

समोरच्याच्या हौदात पडणारे खडे आधी बंद असतात. प्रत्येकावर पाचाचा आकडा असतो. समोरच्याने एक जोडी टेकवली की चार, दुसरी टेकवली की तीन. आकडा संपला की तो साधा रंगीत खडा होतो आणि ज्याच्या हौदात आहे त्याच्याच कामाला येतो. म्हणजे तुम्ही मारलेला दगड पाच चालींनी शत्रूच्या हातातला दगड होतो. आता हे खडे कोणत्या रंगात, कोणत्या क्रमाने पडणार? ते तुम्ही निवडलेल्या पात्रावर, म्हणजे कॅपकॉमच्या मारामारीच्या खेळांतला जो गडी तुम्ही डावाआधी घेता त्यावर ठरतं. प्रत्येक पात्राचा सहा बाय चार, म्हणजे चोवीस खड्यांचा ठरलेला नमुना आहे. रिउचा नमुना उभ्या पट्ट्यांचा, केनचा आडव्या रांगांचा.

आणि डॅनचा? चोवीसच्या चोवीस लाल.

सामन्यात काय झालं

सोळा जणांची नावं आली होती. शनिवारी दुपारी पहिली फेरी, संध्याकाळी उपांत्यपूर्व, रविवारी उपांत्य आणि अंतिम. तीनपैकी दोन डाव जिंकणारा पुढे. यांत्रिक अडचण एकच आली, तीही शुक्रवारी चाचणीच्या वेळीच. बटण दाबल्यावर खडा फिरायला जाणवण्याइतका उशीर लागत होता. पीएस-फोर बिघडलं म्हणून धावपळ झाली. शेवटी टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' चालू केल्यावर सगळं सुरळीत झालं. टीव्ही चित्र गुळगुळीत करायला जो वेळ खातो, तो या मोडमध्ये खात नाही.

उपांत्यपूर्वचा तिसरा सामना चौथीतला हा मुलगा विरुद्ध सी विंगमधली अकरावीतली मुलगी. तिने केन घेतला. मुलाने कसलीशी बटणं दाबली आणि पडद्यावर गुलाबी पोशाखातला, केस मागे बांधलेला एक माणूस आला. सहावीतल्या टोळक्याने टाळ्या वाजवल्या. लपलेली पात्रं उघडायची खूण त्यांनी आदल्या रात्री नेटवर शोधली होती. "गुपित आहे म्हणजे भारी असणार," असं सांगून त्यांनीच ती याला शिकवली होती.

त्यात लबाडी किती आणि भाबडेपणा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कारण तर्क चूक नव्हता. मारामारीच्या खेळांत लपलेलं पात्र बहुतेकदा जबर असतं. याच खेळात लपलेल्यांमध्ये अकुमा आहे, आणि तो स्ट्रीट फायटरच्या दुनियेतला अगदी वरचा गडी. डॅनची गोष्टच वेगळी. १९९५ च्या 'स्ट्रीट फायटर आल्फा'मध्ये तो आला तोच मुळी विनोद म्हणून. प्रतिस्पर्धी एसएनके कंपनीच्या 'आर्ट ऑफ फायटिंग'मधल्या नायकांची टर उडवायला कॅपकॉमने काढलेला हा बढाईखोर, लेचापेचा पहिलवान. कोड्यात आला तेव्हा त्याचा लेचेपणा खड्यांत उतरवला. ज्याला हे माहीत आहे तो हसतो. चौथीतल्या मुलाला हे कुठून माहीत असणार?

पहिला डाव. मुलगा हुशार होता, हे आधी नोंदवतो. त्याने डाव्या बाजूला हिरवी लादी वाढवत नेली आणि योग्य वेळी गोळा टाकला. मुलीच्या हौदात बारा खडे धडाधड पडले. टाळ्या. तिचा हौद तेव्हा जवळजवळ सपाट होता, म्हणून प्रत्येक रकान्यात दोन-दोन, अशा दोन सलग रांगा बसल्या. सगळ्यांवर पाचाचा आकडा, सगळे लाल. तिने घाई केली नाही. पुढच्या पाचही जोड्या तिने डावीकडच्या दोन रकान्यांत एकावर एक रचल्या आणि बाकीचे चार रकाने मोकळे ठेवले. पाच, चार, तीन, दोन, एक. पाचवी जोडी टेकली तसे बाराच्या बारा खडे एकदम उघडले आणि वितळून हौदाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच लांब लाल लादी झाली. सहाव्या जोडीत लाल गोळा होता. तिने तो उजवीकडे सोडला.

मुलाच्या हौदात काय पडलं ते मोजायला कोणाला वेळ मिळाला नाही. चौथा रकाना भरला.

दुसऱ्या डावात त्याने आणखी जोर लावला. पहिल्यांदा आठ खडे पाठवले, मग पुन्हा तितकेच. तिला लाल गोळा लवकर मिळाला नाही, तीन-चार जोड्या तिने नुसत्या अंग चोरून काढल्या. ती संपली असं सगळ्यांना वाटलं. मग गोळा आला. मुलाने जेवढं पाठवलं होतं तेवढं सगळं तिच्याकडे दारूगोळ्यासारखं रचून तयार होतं. जितकं मारलं तितकं पोसलं. दुसरा डाव पहिल्यापेक्षा लवकर संपला.

तक्रार

मुलाचे वडील शांत गृहस्थ आहेत, आयटीत आहेत. सामना संपला तेव्हा ते बोलले नाहीत. कोपऱ्यात जाऊन मोबाईलवर दहा मिनिटं वाचत उभे राहिले, आणि मग आले. त्यामुळे तक्रार मुद्देसूद होती.

"अहो, हा डॅन म्हणजे मुद्दाम कच्चा ठेवलेला आहे. सगळे खडे एकाच रंगाचे. तुम्हाला माहीत होतं?"

नव्हतं. मी घरी रिउ आणि चुन-ली घेऊनच खेळलो होतो.

"तिला माहीत होतं?"

मुलगी शेजारीच उभी होती. तिने दप्तरातून चौकटीची वही काढली, अप्पा बळवंत चौकात मिळते तसली. वहीत आठ पात्रांचे नमुने रंगीत पेन्सिलींनी भरलेले होते. डॅनचा नमुना काढायची गरजच तिला वाटली नव्हती. "हो काका, माहीत होतं."

"मग तू सांगायला हवं होतंस. लहान आहे तो."

"बुद्धिबळात आपण समोरच्याला सांगतो का, की घोडा तिथे ठेवू नकोस, जाईल?"

इथे मुलाच्या आजी मध्ये पडल्या. त्यांना खेळ कळत नव्हता, पण भांडण बरोबर कळलं होतं. "बुद्धिबळात घोडा अडीच घरं जातो हे दोघांनाही ठाऊक असतं गं. आमच्या पत्त्यांत हुकूम कुठला ते डाव मांडतानाच सांगतात."

"आजी, बंद हुकमाचं मेंढीकोटही असतं की!"

आजी क्षणभर थांबल्या. "असतं. पण हुकूम बंद आहे, हे तरी सगळ्यांना उघड असतं ना?"

त्या संध्याकाळी याहून नेमकं कोणी बोललं नाही. मी नेहमीसारखं "उद्या सकाळी सांगतो" म्हटलं. तेवढ्यात साडेसातच्या आरतीची घंटा झाली.

रात्री केलेलं काम

जेवण झाल्यावर क्लबहाऊसची किल्ली घेऊन मी परत गेलो. दोन पॅड, मी एकटा. एका हाताने मारा करायचा, दुसरा हौद पडेल तसा भरू द्यायचा, पडलेल्या खड्यांचा मोबाईलने फोटो काढायचा, कागदावर उतरवायचं. उघड आठ पात्रं: रिउ, केन, चुन-ली, साकुरा, मॉरिगन, शिएन-को, फेलिशिया, डोनोव्हन. लपलेली तीन: अकुमा, डॅन, डेव्हिलॉट. अकरा चौकटी भरून झाल्या तेव्हा दीड वाजला होता. वॉचमनने दोनदा डोकावून पाहिलं. दुसऱ्यांदा तो बसलाच आणि एक डाव खेळला.

चौकटी शेजारी-शेजारी ठेवल्यावर दिसलं ते असं. बहुतेक नमुन्यांत रंग अशा तऱ्हेने आलटूनपालटून ठेवलेत की उघडल्यावर समोरच्याला आयती मोठी लादी मिळू नये. केनच्या रांगा घ्या. एका रांगेत एकच रंग, पण वरची रांग वेगळ्या रंगाची, म्हणून दोन बाय दोन जमत नाही. रिउच्या पट्ट्या उभ्या, तरी शेजारची पट्टी वेगळी. त्याच्या पट्ट्यांना दुसरं वैगुण्य आहे. कोणत्या रकान्यात कोणता रंग पडणार हे समोरच्याला आधी कळतं, आणि वहीवाली मुलगी त्याप्रमाणे रकान्याच्या डोक्यावर तोच रंग तयार ठेवू शकते. तेव्हा नमुने कमीअधिक आहेतच. फक्त बाकीच्यांतला फरक एकोणीस-वीसचा, आणि डॅन थेट शून्य.

दुसरी गोष्ट मला उशिरा उमगली. त्या मुलीचं बळ केनमध्ये नव्हतं. समोरच्याचा नमुना पाठ असण्यात होतं. डॅन नसता तरी ती जिंकलीच असती, बहुतेक. हा 'बहुतेक' मला रविवारी सकाळपर्यंत पुरला.

"मग तुम्ही दुरुस्त केलेला का नाही लावला?"

रविवारी साडेनऊला क्लबहाऊसमध्ये आम्ही पाच जण बसलो. पोहे होते. वडिलांनी रात्रभरात आणखी वाचलं होतं आणि त्यांचा नवा मुद्दा खरोखर चांगला होता.

२००७ मध्ये याच खेळाची 'एचडी रीमिक्स' आवृत्ती पीएस-थ्री आणि एक्सबॉक्स ३६० वर आली. डेव्हिड सर्लिन या रचनाकाराने तिच्यात पात्रांचा समतोल नव्याने बसवला, काही नमुने बदलले, आणि जुनी पद्धतही सोबत ठेवली. हवी ती निवडा. अकरा वर्षांनी झालेली ही दुरुस्ती २०२२ च्या संचात नाही. संचात १९९६ चं आर्केड जसंच्या तसं आहे. वडिलांचं म्हणणं: "कंपनीलाच कळलं होतं की तोल नीट नाही. तरी तुम्ही जुनं लावलं."

एक साधं उत्तर होतं. आमच्याकडे यांतलं एकही यंत्र नाही. ३६० चं ऑनलाइन दुकान २९ जुलै २०२४ ला बंद झालं, म्हणजे गणपतीच्या जेमतेम सहा आठवडे आधी. ३६० मिळालं असतं तरी त्यावरून हा खेळ नव्याने विकत घेता आला नसता. पण ही सबब झाली, आणि मी तसं म्हणालोही.

खरं उत्तर मला द्यायचं होतं ते वेगळं. मूळ खेळ आर्केड यंत्राच्या आतल्या सीपीएस-टू नावाच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर होता. त्या बोर्डावरचा मजकूर कुलूपबंद असतो आणि कुलपाची किल्ली एका छोट्या बॅटरीवर जिवंत ठेवलेल्या स्मृतीत असते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि यंत्र मुकं होतं. शौकीन लोक तिला आत्मघाती बॅटरी म्हणतात. फोनवर २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये 'पझल फायटर' नावाचा नवा अवतार आला होता. आमच्या सोसायटीतल्या प्रत्येक पोराच्या हातात सहज येऊ शकला असता असा तो एकच अवतार. २०१८ च्या जुलैअखेर त्याचे सर्व्हर बंद झाले, आणि सर्व्हरशिवाय तो चालत नव्हता. इतक्या पडझडीतून एखादी आवृत्ती जुन्या खेळाला हात न लावता आपल्यापर्यंत आणत असेल, तर तिने डॅनला 'सुधारायला' नको, या मताचा मी आहे. चोवीस लाल खडे ही चूक नव्हतीच, तो विनोद होता.

शनिवार पेठेतल्या आमच्या आजोळच्या वाड्याचा जिना असाच होता. उभा, अंधारा, धरायला दोर. वाडा दुरुस्त करताना तो जिना तोडून नवा करावा का, यावर मामांची आणि कंत्राटदाराची महिनाभर जुंपली होती. जिना राहिला. पण पाहुणा आला की वरून मामी ओरडायची, "पायरी जपून हो!" मी १९९६ चा जिना आणला आणि ओरडलो नाही, एवढाच माझा गुन्हा. तो मी कबूल केला.

काय ठरलं

पर्याय चार होते. सामना पुन्हा खेळवायचा. डॅनवर बंदी घालायची. दोघांनी एकच पात्र घ्यायचं. किंवा प्रत्येक जोडीने पात्रांची अदलाबदल करून दोन डाव खेळायचे आणि बरोबरी झाली तर तिसरा डाव दोघांनी रिउ घेऊन.

अदलाबदल मला सर्वांत न्यायाची वाटत होती, अजून वाटते. पण वेळ दुप्पट लागतो. शिवाय स्पर्धा निम्मी झाल्यावर नियम बदलला तर शनिवारी हरलेले बारा जण "आम्हालाही" म्हणून उभे राहणार, आणि त्यांचं काय चुकलं? बंदीला मुलीनेच विरोध केला. तिचं म्हणणं, माहीत असून कोणी डॅन घेत असेल तर घेऊ दे, त्याची हौस. हे मला पटलं. फेरसामन्याला मात्र माझं मन तयार होतं आणि मी तसं बोलूनही बसलो. त्यावर मुलीची आई एवढंच म्हणाली, "तिने कोणता नियम मोडला ते सांगा." सांगता येईना. शब्द मागे घेतला. आयोजकाने आपल्या चुकीची भरपाई खेळाडूच्या खिशातून करायची, असं ते झालं असतं.

शेवटी ठरलं ते असं. निकाल कायम. अकरा नमुन्यांचा तक्ता उपांत्य सामन्यांच्या आधी टीव्हीशेजारी लागेल, मोठा, रंगीत, सगळ्यांना दिसेल असा. पात्रं दोघांनी एकाच वेळी चिठ्ठीवर लिहून द्यायची, म्हणजे समोरच्याचं पाहून निवडणं नाही. आणि अंतिम सामन्याआधी मुलगा विरुद्ध मुलगी असा एक प्रेक्षणीय सामना, ज्यात डॅन तिच्याकडे.

हा शेवटचा मुद्दा आजींचा. मुलगी लगेच हो म्हणाली. थोडी जास्तच लगेच.

डॅन, दुसऱ्या हातात

मुलाने साकुरा घेतली. तक्त्यासमोर उभा राहून त्याने सकाळपासून तीनदा बोट फिरवलं होतं, हे मी पाहिलं होतं.

पहिल्या डावात मुलीने काहीच पाठवलं नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. मुलाचे छोटे-छोटे मारे ती झेलत राहिली, जमतील तेवढे छाटत राहिली, आणि तळाशी निळी आणि पिवळी अशा दोन लाद्या एकमेकींवर चढवत नेल्या. तिचा हौद गळ्यापर्यंत आला होता. लोक "टाक ना, टाक ना" करायला लागले. (नियम क्रमांक चार. कोणी पाळला नाही.) मग तिने एक गोळा टाकला. निळी फुटली, वरचे खडे घसरले, अडकून बसलेला पिवळा गोळा पिवळीला टेकला, तीही फुटली. मुलाच्या हौदात लाल खड्यांची भिंत कोसळली आणि चौथा रकाना तिथल्या तिथे भरला. खड्यांवरचे पाचाचे आकडे पाचच राहिले.

उघडायला वेळच मिळाला नाही, तर रंग लाल असला काय आणि जांभळा असला काय. डॅन घेऊन खेळायचं ते असं: चिमटे काढायचे नाहीत, एकदाच मारायचं. हे मला रात्री दीड वाजेपर्यंत चौकटी रंगवूनही दिसलं नव्हतं.

दुसऱ्या डावात मुलाने तिला तेवढा वेळ दिला नाही. लाद्या मोठ्या होऊच दिल्या नाहीत, तीन-तीन चार-चार खड्यांचा पाऊस लावला. तिला जागा करण्यासाठी फोडावंच लागलं. फोडलं की लाल खडे त्याच्याकडे. तो पाच जोड्या थांबायचा, अगदी तिच्यासारखाच, डावीकडे रचत. आजींना तेवढं मात्र कळलं. "बघ, शिकला," त्या शेजारणीला म्हणाल्या. डाव त्याने घेतला.

एक-एक. तिसऱ्या डावाची पहिली जोडी पडायच्या आत आरतीची घंटा झाली. आरतीला पॉज चालतो, पण त्यानंतर अंतिम सामना होता, बक्षीस समारंभ होता, दहाला आवाज बंद होता. तिसरा डाव राहिला. अंतिम सामना मुलगी विरुद्ध वॉचमनचा मुलगा असा झाला. तो ती हरली. त्याने डोनोव्हन घेतला होता आणि तक्त्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. बाकरवडीचं पाकीट त्याच्याकडे गेलं.

तक्ता क्लबहाऊसच्या भिंतीवर, पार्किंगच्या सूचनेशेजारी, अजून आहे. पीएस-फोर ज्याचं त्याच्या घरी गेलं. मुलगा लिफ्टमध्ये भेटला की बोलत काही नाही. दोन्ही हातांची एकेक तर्जनी वर करतो आणि सातव्या मजल्यापर्यंत तशीच धरून ठेवतो.